स्वस्त भुतांची निगा

चित्रपटाच्या धंद्यात मराठवाडा निजामाच्या मुलखात मोडतो. संस्थान विलीन झाले, महाराष्ट्र झाला, शहराचे आणि जिल्ह्याचे नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झाले. वितरकांच्या वहीत मात्र आपला भाग ‘निजाम’ सर्किटच राहिला. मुंबईत तयार झालेला हिंदी चित्रपट आपल्याकडे यायचा तो या सर्किटचे हक्क घेतलेल्या वितरकाच्या हातून. आधी जिल्ह्याच्या टॉकीजला, मग तालुक्याला, मग जत्रेतल्या तंबूत. दर मुक्कामी प्रिंटवर ओरखडे वाढायचे. फिल्म तुटली की ऑपरेटर खराब तुकडा कापून जोड मारायचा आणि दर जोडागणिक चित्रपट थोडा आखूड व्हायचा. रामसे बंधूंचे भयपट या वाटेवर वर्षानुवर्षे फिरले. ‘पुराना मंदिर’, ‘तहखाना’, ‘वीराना’ यांना जगवले ते तालुक्याच्या प्रेक्षकांनी. करार संपला की प्रिंट परत जायची, नाहीतर भंगारात निघायची. त्या प्रिंट जपून ठेवाव्यात असे तेव्हा कुणाला वाटले नाही, कारण त्या भुताखेतांच्या होत्या आणि स्वस्तातल्या होत्या.

२०२३ साली रामसेंचे सहा चित्रपट एका ब्लू-रे संचात निघाले. काढणाऱ्या कंपनीचे नाव ‘मोंडो मकाब्रो’. तिच्यामागे पीट टूम्ब्स हा ब्रिटिश लेखक आहे. जगभरच्या विचित्र, धंदेवाईक, समीक्षकांनी ओवाळून टाकलेल्या चित्रपटांवर त्याने १९९७ साली याच नावाचे पुस्तक लिहिले. पुढे त्याची ब्रिटनच्या चॅनल फोरवर मालिका झाली आणि मग डीव्हीडीची कंपनी निघाली. हेच रामसेपट तिने २००६ पासून जोडीजोडीने डीव्हीडीवर आणले होते. ब्लू-रे हा त्या कामाचा पुढचा टप्पा.

ज्यांनी हे चित्रपट तीस रुपयांच्या व्हीसीडीवर पाहिले आहेत त्यांना फरक पहिल्या पाच मिनिटांतच कळेल. व्हीसीडीचे चित्र उभे-आडवे २८८ आणि ३५२ ठिपक्यांचे. अंधाराच्या दृश्यात ते पार मोडून पडते. काळ्या रंगाचे चौकोन होतात, चौकोनातून एक हात बाहेर येतो, आणि तो माणसाचा की भुताचा हे आवाजावरून ठरवावे लागते. नव्या प्रतीत त्याच अंधारात भिंत दिसते, भिंतीवरची ओल दिसते, मशालीचा उजेड कुठवर पोचतो ते दिसते. ‘पुराना मंदिर’मधल्या सामरीच्या चेहऱ्यावर रंगभूषाकाराने कुठे थर चढवला आणि कुठे कातडी तशीच सोडली तेही दिसते. चाळीस वर्षे ज्याला आपण नुसता काळोख समजत होतो तिथे कुणीतरी दिवे लावून, विचार करून, चित्र रचले होते. या पुस्तकाचा विषय तो काळोख परत उजळण्याचे काम हा आहे: स्वस्त भयपटांची घरगुती व्हिडिओसाठी होणारी डागडुजी, तिची रीत, तिचे धोके आणि आपल्याकडे ती कशी व्हावी याचा विचार.

रामसेंची कथा अनेकांना तुकड्यातुकड्यांनी ठाऊक असते. फतेहचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांच्या तोंडी आडनावाचे ‘रामसे’ झाले आणि तेच टिकले. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आले, लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटले. वडिलांना चित्रपटनिर्मितीची ओढ होती. ‘शहीद-ए-आझम भगतसिंग’, ‘रुस्तम सोहराब’ असे प्रयत्न त्यांनी केले, पण घर सावरेल असे यश हाती लागेना. १९७० च्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’मध्ये पृथ्वीराज कपूर सैतानी मुखवटा चढवून चोरी करतात असा प्रसंग होता. चित्रपट पडला. मुलांनी थिएटरात बसून पाहिले तेव्हा त्या एका प्रसंगाला मात्र प्रेक्षक दचकत होते. अख्खा चित्रपट तसाच का करू नये, हा प्रश्न तिथे निघाला.

सात भाऊ होते: कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू, अर्जुन. त्यांनी कामे वाटून घेतली. कुमार पटकथेकडे, गंगू कॅमेऱ्याकडे, किरण ध्वनीकडे, अर्जुन संकलनाकडे, केशू निर्मितीच्या व्यवहाराकडे, आणि तुलसी व श्याम दिग्दर्शनाला. जोसेफ मॅसेली या अमेरिकन छायाचित्रकाराचे चलच्चित्रणावरचे पुस्तक हा त्यांचा क्रमिक ग्रंथ. काश्मीरमध्ये हाउसबोटीवर मुक्काम टाकून त्यांनी ते घोटले. १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला. साडेतीन लाखांच्या आसपास खर्च, महाबळेश्वरला विश्रामगृहात मुक्काम, घरच्या बायका स्वयंपाकाला, मंडळी बसने गेली आणि बसने परत आली. मुंबईत सेट उभारायला लागणाऱ्या पैशात त्यांनी अख्खा चित्रपट संपवला. पुढे मुरुडला जंजिऱ्याच्या नवाबांचा वाडा त्यांना सापडला. समुद्रावरच्या त्या वाड्याचे जिने, कमानी आणि गच्च्या पुढे किती चित्रपटांत किती नावांनी आल्या! हिंदी भयपटाची ‘पुरानी हवेली’ म्हणून देशभरच्या प्रेक्षकांच्या मनात जे चित्र आहे, त्याचा बराचसा भाग रायगड जिल्ह्यात उभा आहे.

‘पुराना मंदिर’ हा मला त्यांच्या कामाचा कळस वाटतो. मुंडके आणि धड वेगळे करून ठेवलेला सामरी, राजघराण्याला त्याने दिलेला शाप, बाळंतपणात मरणाऱ्या बायका, त्रिशूळ घातलेली पेटी. ही गोष्ट आजीच्या तोंडी शोभेल अशी आहे, आणि म्हणूनच ती खेड्यापाड्यांत पोचली. अजय अगरवाल यांची उंची आणि चेहऱ्याची हाडे, श्रीनिवास रॉय यांची रंगभूषा, गंगू रामसेंचे लाल-निळे दिवे या तिन्हींनी मिळून सामरी घडवला. आपल्या नगरचे सदाशिव अमरापूरकरही त्यात आहेत. ‘अर्धसत्य’मधल्या रामा शेट्टीनंतर पुढच्याच वर्षी ते इथे दिसतात, आणि एकाच नटाला तेव्हा एका बाजूला गंभीर सिनेमा आणि दुसऱ्या बाजूला भयपट असे दोन्हीकडे काम होते हे त्यातून कळते.

रामसेंचा प्रत्येक चित्रपट थोर आहे असे या पुस्तकात कुठेही म्हटलेले नाही. मध्येच घुसडलेले विनोदी कथानक बहुतेक ठिकाणी कंटाळवाणे आहे. न्हाणीघरातली दृश्ये कशासाठी आहेत ते उघड आहे, आणि बाईचे शरीर आधी दाखवायचे व मग तिलाच मारायचे हा क्रम आज डोळ्यांना बोचतो. तो तेव्हाही बोचायला हवा होता. या गोष्टी झाकून जतनाची बाजू मांडता येणार नाही आणि मांडूही नये. पण कोणत्या काळी कोणत्या प्रेक्षकाला कशाची भीती वाटत होती, कशाची हाव होती, हे पाहायचे असेल तर हेच चित्रपट उघडावे लागतात. पुरस्कार मिळालेल्या चित्रपटांत ते सापडत नाही.

मराठी वाचकाला भयाचे वावडे कधीच नव्हते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तके वाचनालयांत पाने सुटेपर्यंत वाचली गेली. १९७६ चा वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ घराघरांत माहीत आहे. त्याच्या ज्या प्रती माझ्या वाट्याला आल्या त्या सगळ्या फिकट, आणि रात्रीच्या दृश्यांत राखाडी पडलेल्या. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ साली आला आणि २०२४ साली पुन्हा थिएटरांत लागला तेव्हा लोकांनी गर्दी केली. त्याच्या मुळाशी धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. ही मागणी जुनी आहे. तिला पुरवठा करणाऱ्या जुन्या मालाची मात्र आपण निगा राखली नाही.

ब्रिटनकडे पाहावे लागते ते यासाठी. तिथेही या वर्गाच्या चित्रपटांना कुणी मान देत नव्हते. हॅमर कंपनीने १९५८ साली ‘ड्रॅक्युला’ काढला तो सुमारे ८१ हजार पौंडांत. लंडनच्या वृत्तपत्रांनी तेव्हा या कंपनीच्या चित्रपटांना किळसवाणे ठरवले. हॅमरला निदान स्वतःचा स्टुडिओ आणि नावाजलेले नट होते. सत्तरच्या दशकात पीट वॉकर आणि नॉर्मन जे. वॉरन यांनी जे केले ते रामसेंच्या रीतीला जास्त जवळचे. भाड्याने मिळालेले मोठे घर, मोजकी माणसे, थोडे आठवडे, आणि पोस्टरवर खच्चून भरलेली दहशत. वॉकरचा ‘फ्राइटमेअर’ १९७४ चा, वॉरनचा ‘सेटन्स स्लेव्ह’ १९७६ चा. या दोघांसाठीही पटकथा लिहिणारा डेव्हिड मॅकगिलिव्हरी हा एकच माणूस होता, एवढे ते जग लहान होते. वॉरनने १९८१ च्या ‘इन्सेमिनॉइड’साठी परग्रह उभा केला तो लंडनच्या कडेला असलेल्या चिझलहर्स्टच्या गुहांमध्ये. मुरुडचा वाडा आणि चिझलहर्स्टच्या गुहा एकाच हिशेबातून निवडल्या गेल्या: जागा आधीच भीतिदायक असेल तर सेटचा खर्च वाचतो.

मग १९८४ साली तिथे व्हिडिओवर प्रमाणपत्राची सक्ती करणारा कायदा आला. त्याआधी वृत्तपत्रांनी आणि पुढाऱ्यांनी हिंसक व्हिडिओंविरुद्ध मोठे काहूर उठवले होते. सरकारी वकिलांच्या यादीत एकूण ७२ नावे चढली. कॅसेटी जप्त झाल्या. ज्यांनी आपल्या कॅसेटी माळ्यावर लपवून ठेवल्या ती तेव्हाची शाळकरी पोरे होती. पुढे त्यांच्याच पिढीतून संग्राहक निघाले, लेखक निघाले, आणि डिस्क काढणाऱ्या लहान कंपन्या निघाल्या. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट या राष्ट्रीय संस्थेने २००९ साली ‘फ्लिपसाइड’ नावाची मालिका सुरू केली आणि ब्रिटिश सिनेमाच्या आडवाटेवरचे, विसरलेले, बदनाम झालेले चित्रपट अभ्यासपूर्ण टिपणांसह डिस्कवर आणले. २०१९ साली इंडिकेटर या कंपनीने वॉरनच्या पाच चित्रपटांचा संच काढला. त्यात जुन्या मुलाखती आहेत, नव्या मुलाखती आहेत, दिग्दर्शक स्वतः चित्रपटासोबत बोलतो आहे. वॉरन मार्च २०२१ मध्ये गेला. त्याच्या हयातीत हे झाले.

घरगुती व्हिडिओचा बाजार लहान असतो. हजार-दोन हजार लोक एकेका डिस्कसाठी चांगले पैसे मोजतात आणि बदल्यात त्यांना चित्र नीट हवे असते. ते मोजणारे नसते तर या चित्रपटांच्या निगेटिव्हपर्यंत कुणी पोचलेच नसते. मोठ्या संग्रहालयांना आधी अभिजात चित्रपट वाचवायचे असतात, आणि त्यांची रांग संपत नाही. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या चित्रपटांना या छंदिष्ट गिऱ्हाइकांनीच बाहेर काढले आहे.

शोध कुठवर जातो याचे उदाहरण ‘ड्रॅक्युला’चेच आहे. ब्रिटिश सेन्सॉरने शेवटचा प्रसंग, उन्हात ड्रॅक्युलाची राख होण्याचा, कापून छोटा केला होता. जपानला गेलेल्या प्रतीत तो जास्त लांब होता अशी वदंता होती. टोकियोच्या राष्ट्रीय फिल्म केंद्राला १९८४ मध्ये आग लागली आणि ती प्रत गेली असे धरून चालले होते. २०११ साली तिथे चौकशी करणाऱ्या एका चाहत्याला कळले की शेवटची काही रिळे आगीतून आणि पाण्यातून वाचली आहेत. डागाळलेली, पण दिसण्याजोगी. त्यांतली दृश्ये हॅमरने चित्रपटात परत बसवली आणि २०१३ साली ती ब्लू-रेवर आली. जे त्यांच्या देशात नव्हते ते दुसऱ्या देशाच्या डब्यात मिळाले. रामसेंचे चित्रपटही देशाबाहेर गेलेले आहेत, आणि आपल्याच निजाम सर्किटच्या कुठल्या गोदामात काय आहे याची यादी अजून कुणी केलेली नाही.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते थोडक्यात. सर्वांत चांगली वस्तू म्हणजे मूळ निगेटिव्ह. ती नसेल तर तिच्यावरून काढलेली मधली प्रत, आणि तीही नसेल तर थिएटरात फिरलेली प्रिंट. पायरीपायरीने चित्राचा बारकावा कमी होत जातो. फिल्म हाताने साफ करतात, कडेची फाटलेली छिद्रे चिकटवतात, मग एकेक चौकट स्कॅन होते. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे सव्वादोन तासांच्या चित्रपटात १ लाख ९४ हजार ४०० चौकटी. धूळ, केस, ओरखडे संगणकाने बरेचसे निघतात, पण संगणकाला पाऊस आणि ओरखडा यांतला फरक नेहमी कळत नाही. ठिणगी आणि धुळीचा कण यांतलाही नाही. भयपटात पाऊस, ठिणग्या, धूर आणि वीज भरपूर. म्हणून शेवटी माणसालाच चौकट अन् चौकट पाहावी लागते. ध्वनी वेगळा साफ करायचा असतो, आणि तिथेही खरखर काढता काढता दाराची करकर निघून जाण्याची भीती असते.

सर्वांत नाजूक गोष्ट रात्रीची. रात्री खुल्या जागी चित्रण करायचे तर मोठे दिवे, जनरेटर आणि जास्त माणसे लागतात. स्वस्त चित्रपटवाले त्यामुळे दुपारी, निळी काच लावून, कमी उजेड घेत चित्रण करतात आणि प्रयोगशाळेत प्रिंट काढताना चित्र आणखी काळवंडतात. म्हणजे रात्र निगेटिव्हवर नसते, ती प्रिंटमध्ये घडते. निगेटिव्ह तसेच्या तसे स्कॅन करून जो रंग नीट दिसतो तो लावला, तर भूत भर दुपारी स्मशानात चालताना दिसते आणि चित्रपट हास्यास्पद होतो. हॅमरच्या चित्रपटांच्या डिस्कवरही अशा तक्रारी झालेल्या आहेत. उपाय एकच: जुनी प्रिंट समोर ठेवणे आणि ज्याने ते चित्रण केले त्याला बोलावून विचारणे.

दुसरा धोका अति स्वच्छतेचा. फिल्मच्या चित्राला बारीक दाणा असतो. तो दोष नाही, चित्रच त्या दाण्यांचे बनलेले असते. मोठ्या टीव्हीवर चकाचक दिसावे म्हणून काही कंपन्या तो संगणकाने पुसतात आणि माणसांचे चेहरे मेणाचे होतात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात राहणाऱ्याला इथे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची आठवण येणे साहजिक आहे. निजामाच्या पुरातत्त्व खात्याने १९२० ते १९२२ या काळात चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले. सुटत चाललेला रंगाचा पापुद्रा त्यांनी भिंतीला पुन्हा धरून ठेवला, हे त्यांचे मोठे उपकार. पण वरून दिलेला लाखेचा थर काळाबरोबर पिवळा पडला आणि चित्रांच्या मूळ रंगांवर झाकण बसले. तो थर उतरवण्यात पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांची पुढे कितीतरी वर्षे गेली. दुरुस्ती अशी असावी की पुढच्या पिढीला ती उलटवता येईल. चित्रपटाच्या बाबतीत याचा अर्थ साधा आहे: कच्चे स्कॅन जसेच्या तसे सांभाळायचे, साफसफाई त्याच्या नकलेवर करायची, आणि काय काय केले याची नोंद ठेवायची.

त्या नोंदीत एक तत्त्व मी सगळ्यांत वर लिहीन: गरिबी पुसू नका. मुखवट्याची मानेवरची शिवण दिसत असेल तर दिसू द्या. वटवाघळाला बांधलेली तार दिसत असेल तर ती काढू नका. वाड्याच्या कमानीमागे टेकवलेला दिव्याचा खांब चौकटीत आला असेल तर तो तिथेच राहू द्या. काळाने लावलेली धूळ काढायची. निर्मात्यांच्या खिशाने लावलेली मर्यादा काढायची नाही. तीच या चित्रपटांची कारागिरी आहे. साडेतीन लाखांत सात भावांनी काय केले हे त्या शिवणीवरूनच मोजता येते.

कोणती प्रत खरी हा प्रश्नही इथे सोपा नाही. ब्रिटनमध्ये स्वदेशासाठी सौम्य आणि परदेशासाठी उघडी अशा दोन आवृत्त्या एकाच चित्रणातून निघत. मायकेल रीव्ह्जच्या १९६८ च्या ‘विचफाइंडर जनरल’ला अमेरिकेत व्हिडिओवर आणताना पॉल फेरिसचे मूळ संगीतच बदलले गेले, तेवढ्याने चित्रपटाचा स्वभाव पालटला. आपल्याकडे सेन्सॉरच्या कात्रीनंतरचा चित्रपट एक, आणि टॉकीजमध्ये प्रत्यक्ष दाखवलेला दुसरा. कार्तिक नायर यांनी २०२४ साली आलेल्या आपल्या पुस्तकात या कापाकापीच्या खुणांवरून मुंबईच्या भयपटांचा इतिहास वाचला आहे. शम्य दासगुप्तांचे रामसेंवरचे २०१७ चे पुस्तकही प्रत्येकाने वाचावे. मराठीत मात्र यावर सलग असे लेखन मला आढळले नाही, आणि म्हणून हे पुस्तक.

जुन्या कॅसेटींकडेही याच नजरेने पाहा. १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत टीव्ही आले आणि त्यामागून व्हीसीआर. रात्रभरासाठी टीव्ही-व्हीसीआर भाड्याने आणायचा, वर्गणी काढायची, तीन चित्रपट सलग पाहायचे आणि त्यातला भुताचा सर्वांत शेवटी लावायचा, हे आमच्या शहरातल्या छावणी आणि पडेगावच्या वस्त्यांनीही केले. कॅसेटवरचे चित्र वाईट, पण कधी कधी प्रिंटमधून पुढे कापला गेलेला तुकडा तिथेच टिकून असतो. एखादे शीर्षक, एखादे गाणे, मध्यंतराची पाटी. डागडुजी करणाऱ्याला नकाशा म्हणून कॅसेट फार उपयोगी पडते.

आणि फिल्म? पडेगावात आमच्या घरापासून जवळच एक वयस्कर ऑपरेटर राहतात. टॉकीज बंद पडली तेव्हा ट्रेलरची आणि तुटक्या रिळांची काही डबडी त्यांनी घरी आणली आणि लोखंडी कपाटात ठेवली. कपाट पश्चिमेच्या भिंतीला. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, भिंत रात्रीही तापलेली असते, आणि जूननंतर दमट हवा. त्यांनी एक डबा उघडला तेव्हा खोलीभर शिरक्याचा वास पसरला. ॲसिटेट फिल्म कुजायला लागली की तिच्यातून हे आम्ल सुटते आणि ते आम्ल उरलेल्या फिल्मला आणखी कुजवते; एकदा सुरू झालेले हे कुजणे थांबवता येत नाही, थंडीत ठेवून फक्त लांबवता येते. रीळ आकसून कडेने लाटांसारखे वळले होते. त्यांनी हातभर फिल्म उजेडाकडे धरली: निळा-हिरवा रंग उडून गेलेला, सगळी माणसे गुलाबी. शेजारच्या डब्यातले रीळ मात्र ठणठणीत होते. दोन्ही डबे पुढेही शेजारीच राहिले असते तर वाफेने दुसरेही गेले असते. आता ते वेगवेगळे ठेवले आहेत, थंड खोलीत, आणि प्रत्येकावर कागद चिकटवून त्यात काय आहे ते लिहिले आहे.

आपल्या राज्यात जतनाची माणसे आणि संस्था आहेत. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यात आहे, पी. के. नायर यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या उरलेल्या रिळांपासून कितीतरी गोष्टी तिथे जमवल्या. जानेवारी २००३ च्या आगीत तिथली नायट्रेट रिळे गेली, हे दुःखही पुण्याचेच. मुंबईत शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१४ साली फिल्म हेरिटेज फाउंडेशन स्थापन केले आणि देशभर माणसे शिकवून तयार केली. त्यांनी डागडुजी केलेला ‘मंथन’ २०२४ साली कान महोत्सवात दाखवला गेला. हे काम मोलाचे आहे. त्यात भयपटांनाही एक फळी मिळावी असे मला वाटते. जुने हक्क भावाभावांत, वितरकांत आणि व्हिडिओ कंपन्यांत वाटले गेले आहेत. ते सोडवायला वेळ लागेल, आणि तेवढा वेळ निगेटिव्हजवळ नाही. माणसांजवळही नव्हता. तुलसी रामसे डिसेंबर २०१८ मध्ये गेले, श्याम सप्टेंबर २०१९ मध्ये, कुमार २०२१ मध्ये, आणि ज्यांना रात्रीचा रंग विचारायचा ते गंगू रामसे एप्रिल २०२४ मध्ये. दिवे लावणारे, मुखवटे ओतणारे, मुरुडच्या वाड्यात जेवणाच्या पंगती वाढणारे अजून काही जण आहेत. त्यांना आजच बोलते करायला हवे.

पुढच्या प्रकरणांत एकेका चित्रपटाच्या उपलब्ध प्रती शेजारी ठेवून पाहिल्या आहेत: काय सुधारले, काय बिघडले, काय अजून सापडायचे आहे. वाचताना शक्य असेल तर चित्रपटही पाहावा, दिवे मालवून.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी, गावच्या बंद टॉकीजच्या केबिनमध्ये, जत्रेत तंबू लावणाऱ्या एखाद्या कुटुंबाच्या ट्रकमध्ये फिल्मचा डबा असेल तर तो भंगारवाल्याला देऊ नका. मशीनवर चढवून पाहू नका. आकसलेली फिल्म तुटते. फिल्म कडेला धरून, कोरड्या स्वच्छ हातांनी उचला. डबा घरातल्या सर्वांत गार आणि कोरड्या जागी, आडवा ठेवा. वास येत असेल तर इतर डब्यांपासून दूर करा. १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची फिल्म असेल तर आगीपासून फार जपा, ती नायट्रेटची असू शकते. डब्यावरचे नाव, रिळाचा क्रमांक आणि तो कुठून आला हे लिहून पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. चित्रपट भुताचा आहे, फाटका आहे, अर्धाच आहे, म्हणून मागे राहू नका. ‘ड्रॅक्युला’च्या वेळी टोकियोतून मिळालेली रिळेही शेवटचीच होती.

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर